भारवाहू मोटारीस पाटे वाढवावेत काय ?

आमच्या एका सभासद बंधूंनी पत्र लिहून विचारले आहे की, आपल्या पिकअप गाडीस मागील बाजूस दोन-दोन पाटे वाढवावेत, शॉकअप बदलावेत, की शहरातील तरुण मंडळी हल्ली बसवितात ती कॉइलओव्हर नावाची जोडणी घ्यावी ? प्रश्न एका ओळीचा आहे. परंतु त्याचे उत्तर एका ओळीत देऊ गेल्यास विचारणाऱ्याची फसगत होण्याचा संभव फार. शिवाय ह्या विषयात आमच्या संघास जे ज्ञान झाले आहे ते थोडी नामुष्की पत्करून झालेले आहे. तीही सांगणे प्राप्त आहे. कारण चूक झाकून दिलेला सल्ला अर्धाच असतो.

संघाने सभासदांचा माल सोलापूरच्या बाजार समितीत पोचविण्याकरिता एक पिकअप घेतली, ही गोष्ट बहुतेकांस माहीत आहेच. मार्गशीर्ष-पौषात आमच्याकडे दोन प्रकारचा माल एकाच वेळी निघतो. एक खरिपाचा कांदा, गोण्यांत भरलेला, वजनाला भारी. दुसरा मृग बहाराचे डाळिंब, क्रेटमध्ये मांडलेले, जागा पुष्कळ व्यापणारे पण वजनाला त्या मानाने हलके. कांद्याच्या गोण्या रचल्या की गाडीचे बूड खाली बसे. ते पाहून आम्हां पंचमंडळींस वाटले की गाडी दुबळी आहे. लागलीच एका दुकानी नेऊन मूळच्या पाच पाट्यांवर प्रत्येक बाजूस आणखी दोन पाटे चढविले. गाडीचे बूड वर उचलले गेले, आम्ही समाधान पावलो, आणि झालेला खर्च सभेत अभिमानाने वाचून दाखविला.

त्यानंतरच्या पंधरवड्यात दोन तक्रारी सुरू झाल्या. पहिली डाळिंबाची. बांधावरून निघताना निर्दोष असलेली फळे बाजारात उतरविताना कंगोऱ्यांवर घासून काळवंडलेली दिसू लागली. काही फळे वरून चांगली, पण फोडून पाहता आतील दाणे चेपून तपकिरी पडलेले. अडत्यांनी भाव पाडला. दुसरी तक्रार चालकाची. तो म्हणाला, "आबा, गाडी भरलेली असली म्हणजे ब्रेक लांबतोय. पाटे टाकल्यापासून हे होतंय." आम्ही त्यास उत्तर दिले की ब्रेक लांबत नाही, तू गाडी जोरात हाकतोस, आणि फळे खराब होण्याचे कारणही तेच. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास तो मुलगा काम सोडून गेला. त्याच्या जागी दुसरा आला, तो वयस्क व सावकाश चालविणारा. परंतु फळे घासतच राहिली, आणि आठ दिवसांनी ब्रेकविषयीची तीच तक्रार त्याच्याही तोंडून ऐकावी लागली. तेव्हा मात्र आमचे डोळे उघडले.

सोलापूर शहराच्या कडेस अक्कलकोट रस्त्यावर जी औद्योगिक वसाहत आहे, तीस सर्व लोक एमआयडीसी म्हणून ओळखतात. चादरी व टॉवेल विणणारे कारखाने हा तिचा जुना व्यवसाय. मोटारींच्या इंजिनांना लागणारे कॅमशाफ्ट घडवून देशोदेशी पाठविणारा कारखानाही ह्याच वसाहतीत उभा राहिला. जेथे इतका माल रोज चढतो-उतरतो, तेथे गाड्या दुरुस्त करणारे हात असावयाचेच. आमचा जुना चालक तेथे एका टॉवेलच्या कारखान्याचा टेम्पो चालवितो असे कळले, म्हणून प्रथम त्यालाच गाठले. त्याने मनात काही न ठेवता आम्हांस पाट्यांचे काम करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींकडे नेले. ह्या गृहस्थांची घरची भाषा तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि गिऱ्हाईक दुधनीकडील असेल तर कानडी. सगळे त्यांस अण्णा म्हणतात. त्यांनी गाडीखाली वाकून एकदा पाहिले आणि विचारले, "पाटील, गाडी रिकामी किती, भरलेली किती ? मागच्या चाकावर किती ?" आम्हांपैकी एकालाही सांगता येईना. "मग पाटे कशावरून वाढवले ?"

ह्या प्रश्नाशी आमचा खरा अभ्यास सुरू झाला.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की पाटा आणि शॉकअप ह्यांची कामे अगदी भिन्न आहेत, आणि एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही. पाटा, मग तो कमानीसारखा वाकविलेल्या पोलादी पट्ट्यांचा असो की वेटोळ्याची स्प्रिंग असो, ओझे तोलतो. चाक खड्ड्यात गेले की तो लवतो आणि पुन्हा उसळतो. ही उसळी आपणहून लवकर थांबत नाही. झोका सोडून दिल्यावर जसा तो हेलकावत राहतो तशी गाडी हेलकावत राहते. तो हेलकावा मारण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळीत तेल असते, आणि दट्ट्यातील बारीक छिद्रांतून ते तेल दाबाने ढकलले जाताना उसळीचा जोर उष्णतेत जिरून जातो. म्हणून खडबडीत रस्त्यावरून येताच शॉकअपला हात लावून पाहावा. काम करणारा शॉकअप कोमट लागतो, मेलेला गारच राहतो. शॉकअप ओझे तोलीत नाही. गाडीचे बूड बसते म्हणून शॉकअप बदलणारे, आणि गाडी उड्या मारते म्हणून पाटे वाढविणारे, असे दोघेही चुकीच्या दारात उभे असतात. आम्ही दुसऱ्या जातीचे होतो.

पाटा किती दबतो हे त्यावरील ओझ्याच्या प्रमाणात असते, हा नियम रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केला. त्यातून शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल असा एक सोपा हिशेब निघतो. ओझ्याने पाटा जितके सेंटिमीटर दबला असेल त्या संख्येचे वर्गमूळ काढून त्याने ३०० ला भागावे. येणारा अंक म्हणजे गाडी मिनिटास सुमारे किती हेलकावे खाईल तो अंक. समजा, एका बाजूचा पाट्यांचा जुडगा दर सेंटिमीटरास १०० किलो तोलतो. त्यावर ९०० किलो आले तर तो ९ सेंटिमीटर दबेल, आणि हेलकावे मिनिटास १०० होतील. ही चाल फारशी त्रासदायक नाही. तोच जुडगा ५०० किलोवर ५ सेंटिमीटर दबतो, हेलकावे १३४. आता पाचाचे सात सारखेच पाटे केले. ताठपणा दीडपटीच्या जवळ गेला. दर सेंटिमीटरास १४० किलो. ९०० किलोवर हेलकावे ११८ झाले, ते चालून जाईल. परंतु ५०० किलोवर पाटा साडेतीन सेंटिमीटरच दबतो आणि हेलकावे १६० च्या घरात जातात. गाडी रिकामी असेल तर २०० च्याही पुढे. म्हणजे कांद्यासाठी म्हणून केलेली योजना कांद्याला थोडी सोयीची आणि डाळिंबाला वैरीण ठरली. कांद्याची गोणी आपल्या वजनाने गाडीला दाबून धरते. अर्धवट भाराचे डाळिंबाचे क्रेट ताठ पाट्यावर थरथरत राहतात, आणि चळतीतील वरच्या थराला हादरा सर्वांत अधिक बसतो. फळ क्षणभर अधांतरी होऊन पुन्हा खाली आपटते. हवेच्या पिशव्यांवर तोललेल्या मोठ्या मालमोटारींत पाट्यांच्या गाड्यांपेक्षा फळांस इजा कमी होते, असे परदेशी प्रयोगांत आढळले आहे, त्याचे कारण हेच की हवेची पिशवी मऊ असून हेलकावे संथ ठेवते.

पाट्याच्या जाडीविषयी तर अधिकच सावध असावे. ताठपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, परंतु जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. आठ मिलिमीटरच्या ऐवजी नऊ मिलिमीटरचा पाटा घातला की डोळ्यांस फरक दिसत नाही, पण तो पाटा चाळीस टक्क्यांहून अधिक ताठ होतो. दहा मिलिमीटरचा घातला तर जवळजवळ दुप्पट. दुकानदार "थोडा जाड टाकतो" असे म्हणाला तर ह्या "थोड्या"चा अर्थ काय होतो हे विचारून घ्यावे.

आता ब्रेकची गोष्ट. ही आम्हांस मुळीच ठाऊक नव्हती, आणि लेखाचा बाकीचा भाग वाचकांनी विसरला तरी एवढा विसरू नये अशी आमची विनंती आहे. पुष्कळशा भारवाहू गाड्यांत मागील आसाजवळ एक झडप बसविलेली असते. तिचा दांडा आसाला जोडलेला असतो. गाडी भरली, बूड खाली बसले, की दांडा हलून झडप मागील चाकांस ब्रेकचा जोर अधिक सोडते. गाडी रिकामी असेल तर जोर कमी ठेवते, म्हणजे हलकी चाके एकदम जखडून गाडी फिरू नये. बूड किती खाली आहे ह्यावरून ही झडप ओझे ओळखते. आम्ही पाटे वाढवून बूड वर उचलले. मग टनभर माल भरला तरी झडपेची समजूत अशी की गाडी अर्धी रिकामीच आहे! मागील ब्रेक त्या मानाने मंद लागत होता. अण्णांनी तो दांडा बोटाने दाखविला तेव्हा आमचा जुना चालक शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही. आम्हीही त्या क्षणी काही बोलू शकलो नाही.

अण्णांचे दुसरे म्हणणे असे की, "पाटा वाढवला म्हणून चेसीस वाढत नाही, पाटील." पाटे ताठ केल्याने गाडीचा आस, चाकातील बेअरिंग, टायर व सांगाडा ह्यांची शक्ती तसूभरही वाढत नाही, उलट पूर्वी जो धक्का पाटा गिळीत होता तो आता सांगाड्याच्या जोडांवर येतो. गाडीच्या नोंदणीपत्रकात एकंदर वजनाची जी मर्यादा लिहिलेली असते ती कायम राहते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रकातील तपशील बनविणाऱ्याच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. आणि १९४ व्या कलमाखाली जादा भारास, २०१९ सालच्या दुरुस्तीपासून, वीस हजार रुपये व वर दर जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. एका खेपेत वाचविलेले भाडे ह्यापुढे किती टिकते, ह्याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

ओझ्याचा हा विचार आपल्या जिल्ह्यास नवा नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या अभियंत्याने १८९७ साली जी बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, तिचा रूळ अवघा अडीच फूट रुंदीचा. तिच्यावर त्याने असा दंडक ठेवला की कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यावयाचा नाही, आणि इंजिन असो की डबा असो, भार सर्व आसांवर सारखा वाटावयाचा. हलक्या रुळांवर एवढी वाहतूक त्याने चालविली ती पोलाद जाड करून नव्हे. आपल्या पिकअपमध्येही माल मागच्या फळीशी न रचता पुढे सरकवून, दोन्ही आसांवर वाटून रचला, तर गाडीचे बूड पूर्वीइतके बसत नाही. आणि ह्यास दमडी लागत नाही. आमच्या गोण्या उतरविण्याच्या सोयीसाठी सगळ्या मागे रचल्या जात, ही आणखी एक आमचीच करामत.

तेव्हा पत्रकर्त्या बंधूंनी प्रथम करावयाचे ते हे. गाडी भुईकाट्यावर न्यावी. रिकामी असता एकदा संपूर्ण, एकदा फक्त मागील चाके काट्यावर घेऊन. मग नेहमीचा माल भरून पुन्हा तसेच. चार आकडे वहीत लिहावेत व मागील आसावरचे वजन बनविणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत आहे की नाही ते पाहावे. मर्यादेबाहेर असेल तर पाटा, शॉकअप काहीही बदलू नका, खेपा वाढवा. मर्यादेत असूनही बूड फार बसत असेल तर मूळचे पाटे थकले आहेत. सपाट जमिनीवर रिकामी गाडी उभी करून दोन्ही बाजूंचे पाटे पाहावे. एकाची कमान उतरलेली, मधला एखादा पाटा चिरलेला, शॅकलचा बुश झिजून लंबवर्तुळ झालेला, असे काही ना काही सापडतेच. चिरलेल्या पाट्यास वेल्डिंग कधीही मारू नये. त्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि पाटा डाग दिलेल्या जागेशेजारीच पुन्हा मोडतो. भट्टीत तापवून कमान परत देण्याची रीत आहे, परंतु त्यानंतर पाण्याचे काम यथायोग्य न केल्यास एका हंगामात पाटा पुन्हा सपाट होतो. सबब नवा जुडगाच घ्यावा, व तो दोन्ही बाजूंस एकदम.

ज्यांचा माल आमच्यासारखा कधी जड कधी हलका असतो, त्यांना हेल्पर पाटा हा मार्ग आहे. हा मुख्य जुडग्याच्या वर थोडे अंतर सोडून बसतो. हलक्या भारात तो स्वस्थ असतो. भार वाढून मुख्य पाटे दबले म्हणजे त्याची टोके टेकतात आणि मग तो हातभार लावतो. बनविणाऱ्याने आपल्या गाडीच्या त्या प्रकारास तो मान्य केलेला असावा, ही अट. हल्ली काही गाड्यांत मध्ये जाड व टोकांकडे निमुळते होत गेलेले, संख्येने थोडे असे पाटे येतात. त्यांत पाट्यावर पाटा घासण्याचा प्रकार कमी असल्याने ते मऊ चालतात. परंतु ते मूळचेच असावेत; जुन्या जुडग्यात एखादा मिसळून उपयोग नाही.

शॉकअपविषयी. कोपरा दाबून सोडला असता गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली तर ठीक. दोन-तीनदा हलली, नळीवर तेलाचा ओघळ दिसला, किंवा टायर जागोजागी खोलगट झिजला, तर शॉकअप गेला असे समजावे. भारवाहू गाडीत ताठ पाट्यांमुळे ही दाबून पाहण्याची परीक्षा नेहमी लागू पडत नाही, म्हणून ओघळ व टायर ह्यांवर अधिक भरवसा ठेवावा. नवा घेताना गाडीच्या नमुन्याचाच घ्यावा, पावती घ्यावी. जुनी नळी कापून, तेल भरून, डाग देऊन व रंग फासून विकलेले शॉकअप बाजारात असतात. रंगाखाली वेल्डिंगची ताजी कड दिसली की परत द्यावा. आत दाबाने वायू भरलेले शॉकअप थोडे महाग असतात. त्यांचा गुण हा की सतत खडबडीत रस्त्यावर तेलाला फेस येत नाही व शेवटच्या मैलापर्यंत जोर कायम राहतो. आमच्या गाडीचे जुने शॉकअप, पाटे वाढविले तेव्हाच, थकलेले होते. ताठ पाट्याची उसळी अधिक जोराची; ती मारावयास शॉकअप अधिक सशक्त हवा, आणि आम्ही होता तोच दुबळा ठेवला होता.

राहता राहिले कॉइलओव्हर. शॉकअपच्या नळीवरच वेटोळ्याची स्प्रिंग चढवून, खालचे कडे आट्यांवर फिरवून गाडीची उंची कमी-अधिक करता यावी, अशी ही रचना आहे. शर्यतीच्या गाड्यांत तिचे काम आहे, कारण तेथे रस्ता गुळगुळीत व वळणे वेगाची. पुष्कळशा लहान मोटारींत पुढे शॉकअपभोवती स्प्रिंग मूळचीच असते. ती पाहून आपल्या गाडीस कॉइलओव्हर आहे असे कोणी समजू नये, तिला उंची बदलण्याचे कडे नसते. पाट्यांच्या पिकअपला ही जोडणी लावणे म्हणजे सांगाडा कापून नव्या जागा निर्माण करणे होय. तो नाद सोडावा. आमच्या एका सभासदाच्या चिरंजीवांनी आपली मोटार अशी खाली बसविली होती. शहरात ती शोभली. गावी येताना पहिल्याच गतिरोधकावर तिचे पोट घासले आणि ऊसगाड्यांनी चाकोऱ्या पडलेल्या पाणंदीत ती अडकली, तेव्हा बैल लावून ओढावी लागली. बैलांस स्प्रिंग लागत नाही, एवढेच त्यांच्या वडिलांनी म्हटल्याचे स्मरते.

टायरातील हवा हीही एक स्प्रिंगच होय. आपल्या डनलॉप गाडीस पाटा नसतोच. हवेच्या टायरानेच ती लाकडी चाकाच्या खटाऱ्यापेक्षा मऊ चालते. कांद्याच्या खेपेस भरलेली हवा डाळिंबाच्या खेपेस तशीच ठेवली तर अर्धे नुकसान तेथेच होते. दारावर किंवा पुस्तिकेत भाराप्रमाणे हवेचे दोन आकडे दिलेले असतात; त्यांप्रमाणे थंड टायरात हवा भरावी.

आमच्या गाडीचे अखेर काय केले, ते सांगतो. वाढविलेले पाटे काढून टाकले. मूळ जुडग्यातील एक पाटा चिरलेला निघाला, म्हणून दोन्ही बाजूंस नवा जुडगा व त्यावर गाडीच्या नमुन्याचा हेल्पर बसविला. चारही शॉकअप व शॅकलचे बुश नवे घातले, झडपेचा दांडा पुस्तिकेतील मापाप्रमाणे लावून घेतला. पहिल्या काही खेपांनंतर, गाडी भरलेली असता, यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावयास अण्णांनी बजावले होते, ते केले. न केल्यास पाटे सरकून मधला बोल्ट तुटतो आणि आस एका बाजूस पळतो. खर्च पहिल्या खर्चाच्या काही पट झाला. तो सभेत वाचून दाखविताना आवाज पूर्वीसारखा निघाला नाही. त्याच सभेत जुन्या चालकाविषयी आम्ही जे बोललो होतो ते चुकीचे होते, असा ठराव लिहून घेतला व त्याची प्रत आमच्यापैकी दोघांनी एमआयडीसीत जाऊन त्याच्या हाती दिली. परत येण्यास त्याने नकार दिला. तेथे पगार वेळेवर होतो, असे त्याने सांगितले. हंगामात रविवारी गाडी तपासून देण्याचे मात्र त्याने कबूल केले आहे.

काढलेले चार पाटे संघाच्या गोदामात पडून होते. पाट्याचे पोलाद चांगले असल्याने गावच्या लोहारांनी ते मागून नेले. ऊसतोडीच्या आधी त्यांचे कोयते होऊन येतील. ज्या सभासदांस हवे असतील त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे.